बाहेरगावचं मरण

सांडू पाटलाच्या रानात मेंढरं बसली होती. धनगरांच्या पालांच्या तोंडाशी लिंबाचे डहाळे बांधलेले आवडाबाईनं बांधावरूनच पाहिले आणि ती आल्या पावली मागं फिरली. बाई भित्री नव्हती. नवऱ्याला, सुनेला आणि ग्रामसेवकाला एका श्वासात गप्प करणारी. पण घरात रांगता नातू होता, आणि पालावरच्या लिंबाचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सांडू पाटील तिचा नवरा. त्याची निम्मी जमीन वाळूजच्या कारखान्यांकडं गेली, थोरला मुलगा तिथंच शिफ्टला लागला, आणि उरलेल्या रानात दर हिवाळ्यात पिशोरकडच्या धनगरांची मेंढरं खतासाठी बसत. मेंढरांनी रात्री लेंड्या टाकायच्या, पाटलानं त्या बदल्यात ज्वारी घालायची, असा जुना व्यवहार. सांडू व्यवहाराला पक्का. कोणती मेंढी लंगडी, कोणती गाभण, कोणत्या रात्री कळप लवकर उठवला, सगळं त्याच्या ध्यानात. पालांत माणसं किती, असं विचारलं असतं तर मात्र तो म्हणाला असता, "असतील की." माणसांचं खत होत नाही. त्यांची मोजदाद त्यानं कशाला ठेवावी?

सरकारचंही तसंच होतं. हिवतापाचा माणूस घराच्या भिंतीवर गेरूनं तारीख टाकून जाई. पालाला भिंत नव्हती. लसीच्या रजिस्टरात घर नंबर लागे; पाल आज इथं, तर उद्या बिडकीनकडं. दर हिवाळ्यात ही माणसं गावात राहत आणि गावात नसत. त्यांच्या मूळ गावी विचारलं तर तिथले म्हणत, ते तर मेंढरांमागं गेलेत. म्हणजे दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर काही माणसं कायमची सांडलेली होती, आणि कुणाच्याच बेरजेत तूट येत नव्हती.

आवडाबाई थेट उपकेंद्रावर गेली. तिथली नर्स आशाबाई एरवी शहरातून एसटीनं ये-जा करायची. पण तो संक्रांतीचा दुसरा दिवस होता. संक्रांतीलाच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं होतं. कुठं फटाके, कुठं दगड. एसट्या बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. म्हणून आशाबाई उपकेंद्राच्याच खोलीत मुक्कामाला होती. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत तिच्या माहेरचं घर जळालं होतं. घर जळताना पाहिलेली पोरगी आता केस पिकत आलेली बाई झाली होती, आणि नाव लागल्याचा आनंद तिला अशा गावात साजरा करायचा होता जिथं तो दार लावूनच करणं बरं.

"आशाबाई, रानातल्या धनगराकडं बाया आल्यात," आवडाबाई दारातूनच म्हणाली. गोवराला तिकडं कुणी गोवर म्हणत नाही. देवीच्या बाया म्हणतात, पाव्हण्या म्हणतात.

"किती लेकरांना?"

"म्या काय मोजाया गेले? डहाळे पाह्यले आन् फिरले. बांधाला दगडं बी रचलेत. ताजे हायेत."

"दगडं?"

"व्हय. लई मोठा ढीग नाय." आवडाबाईनं दोन्ही हातांनी लांबी दाखवली आणि दाखवताना तिचे हात आपोआप जवळ आले. मग ती घाईनं म्हणाली, "आमच्या बाळ्याला टोचलंय ना तुम्ही?"

"टोचलंय, पाटलीणबाई. कार्ड तुमच्याच फळीवर आहे."

"मंग झालं. त्याहीला तेवढं उठवा म्हणा तिथून."

"उठवायचं काम माझं नाही. माझं टोचायचं."

"मंग टोचा! तुमचं नाव लागलं ना एवढ्या मोठ्या पाटीवर, आता त्याहीचं बी लावा कुठंतरी." आवडाबाई टोमणा मारून हसली आणि पदरातला तिळगूळ काढला. आशाबाईच्या हातावर नाही दिला, खिडकीच्या चौकटीवर ठेवला. आशाबाईनं तो तिथून उचलला, तिच्या डोळ्यांत पाहत तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड आहे. पाक जरा कच्चा राहिला." आवडाबाईला हा हिशेब बरोबर कळला. ती तरातरा निघून गेली.

आशाबाई तळावर पोचली तेव्हा मेंढरं चरायला गेली होती. रिकाम्या वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, म्हातारी सुगंधाबाई उभी होती. तळाची कारभारीण तीच.

"हितंच थांबा बाई. पाव्हण्या आल्यात. परक्याचा पाय चालत नाय."

"मी परकी नाही मावशी, नर्स आहे."

"मंग तं लईच परक्या."

आशाबाईला हसू आलं. म्हातारीला आलं नाही.

"लेकरं किती आहेत तळावर?"

"हायेत मूठभर. मेंढरं आन् लेकरं मोजून सांगायची नसत्यात."

"आजारी किती?"

"आजारी कोणी नाय."

"आणि बांधावरचे दगड?"

"रानात दगडं असत्यात, बाई."

म्हातारी खोटारडी नव्हती. पाव्हण्या तळावर असेपर्यंत त्यांच्या आजाराचं नाव घ्यायचं नाही, त्यांनी कुणाला नेलं असेल तर त्याचंही नाही. नाव घेतलं की त्या मागं वळून बघतात आणि अजून एकाला नेतात. हा नियम तिनं केलेला नव्हता. तिच्या सासूनं तिला दिला होता, आणि तिनं तो स्वतःच्या लेकरांवरही पाळला होता.

मधल्या पालाच्या तोंडाशी तिची सून बानाबाई मांडीवर पोरगी घेऊन बसली होती. पोरगी दोनेक वर्षांची, अंग पुरळानं लाल झालेलं, डोळे चिकटलेले. बानाबाई नर्सकडं पाहत होती आणि पाहत नसल्यासारखं करत होती. आशाबाईनं ते हेरलं आणि परत न जाता ओढ्याच्या वाटेवर जाऊन बसली. पाणी लागल्याशिवाय कोणता तळ राहतो?

बानाबाई घागर घेऊन आली. बसली नाही. घागर बुडवता बुडवता, पाण्याशी बोलावं तशी बोलली.

"पुतळीला दवा द्या."

"देते. पण दगडाखाली कोण आहे?"

बानाबाईची घागर भरली तरी ती बुडवतच राहिली. मग तिनं ओढ्याच्या पलीकडं पाहिलं, तळाकडं पाहिलं, आणि फक्त ओठ हलवले. कडूबा. तिचा थोरला. त्याच्या आधीची दोन दगावली म्हणून त्याचं नाव कडू ठेवलं होतं. देवाला गोड लागू नये म्हणून. नवऱ्याचं नावही भिकन, म्हणजे तोही असाच मागून घेतलेला. या घराण्यात लेकरं जगवायला नावंच तेवढी औषध म्हणून होती.

"हे बघ, बाने," आशाबाई म्हणाली, "माझ्याकडं लस गावातल्या लेकरांपुरतीच येते. तुमची लेकरं माझ्या रजिस्टरात नाहीत. पण गोवरानं मरण झालं असं कळलं, तर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला यावंच लागतं. बर्फाची पेटी घेऊन. सगळ्या लेकरांना टोचावं लागतं. मी चिठ्ठी पाठवते. पण मी पाहिलेलं नाही, म्हणून माझं धरणार नाहीत. घरच्या माणसानं तोंडानं सांगावं लागतं."

"माझ्या तोंडानं?"

"आईच्या तोंडानं."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

बानाबाईनं घागर डोक्यावर घेतली. पाणी हिंदकळून तिच्या कपाळावरून ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

"सांगितलं तं पुतळी वाचंल?"

पुतळीला गोवर निघाला होता. तिच्यासाठी लसीचा आता उपयोग नव्हता. उपयोग होता तो बाकीच्या लेकरांना, जावेच्या पोराला, चुलत घरातल्यांना. पुतळीसाठी औषध होतं, तापाचं, छातीचं. वाचली असती, नसती. आशाबाईला हे सगळं माहीत होतं.

"वाचंल," ती म्हणाली.

असा शब्द नर्सच्या शाळेत शिकवत नाहीत. तो नोकरीत शिकावा लागतो, आणि एकदा शिकला की जिभेवरच राहतो.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी जीपमधून आले. माणूस वाईट नव्हता. तरुण, हसतमुख, बदलीची वाट पाहणारा. त्यांच्या दवाखान्याच्या फळ्यावर गोवरापुढं त्या वर्षी भोपळा होता, आणि या भोपळ्यावर त्यांचा जीव होता. जिल्ह्याच्या बैठकीत तो वाचून दाखवताना बरं वाटे. वाटेत ते आशाबाईला म्हणाले, "सिस्टर, पुरळ म्हणजे लगेच गोवर नसतो हं. थंडीत कातडी फुटते." आशाबाई म्हणाली, "हो साहेब. थंडीनं फुटलेल्या कातडीवर दगडही रचतात इकडं." 

तळ गोळा झाला. पुरुष मागं, बाया पुढं, सगळ्यांच्या पुढं सुगंधाबाई. भिकन वाघरीच्या आत मेंढीचा खूर हातात धरून बसला होता, काटा काढत असल्यासारखा. तो काटा फार वेळ निघत नव्हता.

"काय आजी, कुणी लेकरू दगावलं का तुमच्याकडं?"

"नाय, डॉक्टरसायेब. आमच्याकडं समदं खुशाल हाय. बसा, दूध देते."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "खुशाल आहेत म्हणतात, सिस्टर." आणि ते जीपकडं वळले.

"माझा कडूबा गेला."

आवाज फार मोठा नव्हता. पण त्या शब्दांनी तळावरचं एक पोर रडायचं थांबलं. सुगंधाबाई झटकन मागं आली आणि तिनं सुनेच्या तोंडावर तळहात दाबला. बानाबाईनं तो दोन्ही हातांनी खाली ओढला. पुतळी कडेवरून घसरली ती तिनं गुडघ्यानं सावरली.

"गवर आली व्हती त्याला. आधी डोळे आले. मंग तोंडात फोड. पाणी गिळंना. छाती अशी आत जायची. मेथीची भाजी मागत व्हता, म्या म्हणलं पाव्हण्या गेल्या की करते, फोडणी चालत नाय. कडूबा भिकन. बांधावर हाय. म्या आई हाय त्याची."

एकदा सुटल्यावर तिला थांबता येईना. डॉक्टर मान खाली घालून ऐकत होते. सुगंधाबाई तिथंच मातीत बसली आणि तिनं स्वतःचे कान दोन्ही हातांनी झाकले. भिकननं मेंढीचा खूर सोडला नाही.

पुढचं काम मग भराभर झालं. पेटी उघडली. जी व्हायची ती आगळीक होऊन गेली, आता टोचून तरी घ्या, अशा हिशेबानं बायांनी लेकरं पुढं केली. ज्या पोरांना म्हातारी मोजून सांगत नव्हती, ती रडून रडून स्वतःच मोजून देत होती. जावेच्या पोरानं आशाबाईचा हात चावला. "याला काही होत नाही," आशाबाई म्हणाली, "याला लसीची गरजच नाही, गोवरच घाबरेल." कुणी हसलं नाही.

पुतळीला डॉक्टरांनी जीपच्या बॉनेटवर बसवून तपासलं. तापाचं औषध दिलं, डोळ्यांसाठीचं दिलं. मग छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. "हिला शहरात घाटी हॉस्पिटलला न्यायला पाहिजे. आत्ताच. जीपमध्ये बसा, मी सोडतो. पोलीस मला अडवणार नाहीत."

बानाबाईनं जीपच्या दांड्याला हात घातला.

"पाव्हण्या अंगावर असताना शीव ओलांडत नाय," वाघरीतून भिकन बोलला. त्या दिवसातला त्याचा हा पहिला शब्द. तो ओरडला नाही. उलट विनवल्यासारखं म्हणाला, "एक मोडलंस, बाने. आता दुसरं नको मोडू. हिला तरी ठेव."

आशाबाई म्हणाली, "भिकनदादा, अहो, पोरगी..."

"तुम्ही गप ऱ्हा बाई. तुमचं काय जातंय?"

बानाबाई नवऱ्याकडं पाहत राहिली. एवढ्या माणसांपुढं जिनं तोंड उघडलं होतं, तिच्यात आता पाय उचलायची ताकद उरली नव्हती. किंवा तिलाही भीती वाटली असेल. आत्ताच तर तिनं नाव घेतलं होतं. पाव्हण्यांनी मागं वळून पाहिलं असेल तर? तिनं दांडा सोडला.

जीपजवळ डॉक्टरांनी कागद भरला. "गाव?"

"इथलंच लिहा साहेब," आशाबाई म्हणाली. "सांडू पाटलांचं रान."

"मूळ गाव विचारतोय."

"पिशोरकडचे आहेत."

"मग बाहेरगावचे." त्यांनी तसं लिहिलं. जातीच्या रकान्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर अशी तीन घरं होती. इतरवर खूण केली. "आपल्या आकड्यात येणार नाही हे."

"मरण इथं झालंय, साहेब."

"इथं झालंय, इथलं नाही ना."

"पिशोरवाले म्हणतील, आमचं आहे पण आमच्याकडं झालं नाही."

"ते त्यांनी बघावं, सिस्टर. लस दिली ना आपण सगळ्यांना? मग?"

आणि खरंच, लस तर दिली होती. या माणसाला वाईट म्हणायची सोयही त्यानं ठेवली नव्हती. जीप गेली. फळ्यावरचा भोपळा जिथं होता तिथं राहिला.

पुतळी त्यानंतर फार दिवस राहिली नाही. एका सकाळी आवडाबाई बांधावर गेली आणि परत येऊन चुलीपाशी बसून राहिली. सुनेनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काय नाय. दगडं वाढलेत." मग बऱ्याच वेळानं सांडूवर उगाच खेकसली, "मेंढरं तेवढी मोजा तुम्ही!"

आशाबाईनं ऐकलं आणि रजिस्टर घेऊन निघाली. या वेळी तिनं ठरवलं होतं, डॉक्टरांना विचारायचंच नाही. गावाचं नाव लिहायचं, घर नंबराच्या जागी पाटलाचा गट नंबर घालायचा, आणि इतर या शब्दापुढं स्वच्छ अक्षरात धनगर असं लिहायचं. मग ज्याला खोडायचं त्यानं खोडावं; खोडलेलं तरी दिसतं. नावासाठी सोळा वर्षं माणसं रस्त्यावर उतरलेली तिनं पाहिली होती. पुतळीच्या आईनं एकदा सांगितलं की आशाबाईचं काम होणार होतं. आणि आई सांगेल याची तिला खात्री होती. जिनं कडूबाचं सांगितलं ती पुतळीचं का नाही सांगणार?

तळ उठायच्या तयारीत होता. पालं सोडली होती, घोड्यावर भांडी चढली होती. बानाबाई दोरी आवळत होती. आशाबाईला पाहून तिनं दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"बाने, पुतळीचं कळलं मला."

"काय कळलं?"

"तू तोंडानं सांग. मी आपल्याच गावात लिहिते. बाहेरगावचं नाही लिहिणार."

"काय लिव्हणार?"

"पुतळी गेली म्हणून."

बानाबाईनं तिच्याकडं पाहिलं. डोळे कोरडे आणि सुजलेले.

"कोण पुतळी?"

आशाबाईला आधी वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग तिनं बानाबाईच्या मागं पाहिलं. सुगंधाबाई घोड्याच्या आडून ऐकत होती. जाऊ पोराला पाठीशी बांधता बांधता थांबली होती. सगळा तळ बानाबाईच्या तोंडाकडं पाहत होता. रागानं नाही. हात जोडल्यासारखा.

"आमच्यात कोणी गेलं नाय, बाई," बानाबाई मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमच्याकडं समदं खुशाल हाय."

मग ती जवळ आली. "नाव घेतलं आन् त्याहीनं मागं वळून पाह्यलं. समदे म्हणत्यात. मालक म्हणत नाय, पर जेवत नाय. आता जावेचं पोरगं हाय, चुलतसासूची दोघं हायेत. तव्हापासून म्या तोंड मिटलंय, तं एकाला बी ताप नाय. बघा, कसं नाचतंय. त्याला ऱ्हाऊ द्या."

जावेचं पोरगं खरंच पाठीवर नाचत होतं. त्याच्या दंडावर टोचल्याची बारीक खूण होती.

"अगं बाई," आशाबाई म्हणाली, "तू बोललीस म्हणून जगलीत ती. तुझ्यामुळं डॉक्टर आला, लस आली. तोंड मिटून नाही, तोंड उघडून जगलीत. तूच जगवलीस."

बानाबाईनं ते शांतपणे ऐकलं. एखाद्या परगावच्या माणसानं दिलेली नाण्यांची थैली उघडून बघावी तशी तिनं ती गोष्ट क्षणभर उघडून पाहिली, असं वाटलं. मग मान हलवली.

"तुम्ही मागं बी म्हणल्या व्हत्या. वाचंल म्हणून."

 आशाबाईचा शब्द आता त्या तळावर वटणार नव्हता. तिनं रजिस्टर मिटलं. आई नाही म्हणते म्हणजे नाही. तिनं स्वतः लिहिलं असतं तर डॉक्टरांनी ते खोडलं असतं, आणि त्या खोडण्याला बानाबाईचीच साक्ष काढली असती.

भिकननं शीळ घातली. कळप उठला, वाघरीतून बाहेर पडला आणि बांधाच्या दिशेनं लोटला, बिडकीनच्या वाटेला तोच उतार होता. मेंढरांना काय, पुढची जाईल तिकडं सगळी. पुढची मेंढी दगडांवर पाय ठेवणार तेवढ्यात बानाबाई घोडा सोडून धावली. बांधावर दोन ढिगांच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पसरले. तोंडातून चकार शब्द काढला नाही. मेंढरांचा लोंढा तिच्यापाशी दुभंगला, दोन्ही ढिगांच्या बाहेरून, अर्धा इकडून, अर्धा तिकडून, धूळ उडवत गेला. सुगंधाबाई पाहत होती, तिनं सुनेला हाक मारली नाही. शेवटचं कोकरू जाईपर्यंत बानाबाईचे हात तसेच राहिले. मग तिनं ते खाली घेतले, आणि मागं न बघता कळपापाठी चालू लागली.